खोक्यावर न छापलेली तारीख

१ ऑक्टोबर २०२२ रोजी नवी दिल्लीत भारतातील फाइव्ह-जी सेवेचे उद्घाटन झाले. त्या दिवशी देशातील लाखो लोकांच्या खिशात फाइव्ह-जी फोन आधीपासूनच होते. 'भविष्यासाठी सज्ज' अशा जाहिरातीवर विश्वास ठेवून कित्येकांनी ते वर्ष-दोन वर्षे आधीच घेऊन ठेवले होते. फोनमध्ये चिप होती, अँटेना होता, पहिल्या काही शहरांत मनोरेही उभे होते. तरीही अनेकांच्या पडद्यावर 'फोर-जी' हीच अक्षरे उमटत राहिली. भारतीय जाळ्यावर ते यंत्र चालवण्याची परवानगी देणारे सॉफ्टवेअर कंपन्यांनी अद्याप पाठवलेलेच नव्हते. त्याच महिन्यात सरकारी अधिकाऱ्यांना फोन-उत्पादकांची बैठक बोलवावी लागली. ॲपलच्या फोनना ही सोय डिसेंबरच्या मध्यास, आयओएस १६.२ बरोबर मिळाली.

ही घटना आपण सारे विसरलो. सणासुदीचा सेल आला की पुन्हा तेच प्रश्न: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, चिप किती नॅनोमीटरची, चार्जर किती वॉटचा? विज्ञानाचे विद्यार्थीसुद्धा हेच विचारतात, याचे मला अधिक वाईट वाटते. माझे म्हणणे असे की, या देशात फोन विकत घेताना जो आकडा सर्वांत आधी पाहायला हवा, तो खोक्यावर छापलेलाच नसतो. तो आकडा म्हणजे सुरक्षा-अपडेट थांबण्याची तारीख. ती छापणे कायद्याने बंधनकारक झाले पाहिजे, आणि तोवर ती विचारल्याशिवाय आपण पैसे मोजता कामा नयेत.

प्रथम माझ्याच अपराधाची कबुली. २०२२ च्या दिवाळीत मी वडिलांसाठी फोन निवडला. भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट खिशात असलेला मी '१०८ मेगापिक्सेल' या आकड्याला भुललो. वास्तविक प्रकाशशास्त्राचे दुसऱ्या वर्षाचे गणित तेव्हा आठवायला हवे होते. कोणतेही भिंग प्रकाशाच्या बिंदूची प्रतिमा बिंदू म्हणून देत नाही. विवर्तनामुळे तिची एक लहान चकती होते. तिचा व्यास २.४४ × तरंगलांबी × भिंगाचा एफ-अंक. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर आणि भिंग एफ/१.८ धरले, तर हा व्यास सुमारे २.४ मायक्रोमीटर येतो. अशा संवेदकावरील एका पिक्सेलची रुंदी असते सुमारे ०.७ मायक्रोमीटर. म्हणजे भिंग आदर्श असले, तरी प्रकाशाचा एकच बिंदू जवळपास नऊ पिक्सेलांवर पसरणार. हे कंपनीलाही ठाऊक असते. म्हणून तर फोन नेहमीच्या छायाचित्रासाठी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचे चित्र देतो. भरपूर उजेडात चित्राचा एखादा भाग कापून मोठा करायचा असेल, तर १०८ चा थोडाफार उपयोग होतो. रोजच्या वापरात तो आकडा खोक्याची शोभा वाढवण्यापुरताच.

गेल्या वर्षी घरी गेलो असताना सहज त्या फोनच्या सेटिंग्ज उघडल्या. 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' या शब्दांपुढे तारीख होती मार्च २०२४. मॉडेल बाजारात आले होते २०२१ च्या आरंभी. आम्ही घेतले तेव्हाच त्याचे दीड वर्ष सरलेले होते. म्हणून तर ते सवलतीत मिळाले. तीन वर्षांचे आश्वासन कंपनीने पाळले, त्यामुळे तिच्यावर शब्द मोडल्याचा ठपका ठेवता येत नाही. फक्त ती तीन वर्षे मॉडेलच्या पहिल्या विक्रीपासून मोजलेली होती, आणि आमच्या वाट्याला त्यातली दीडच आली. मी म्हणालो, "बाबा, हा फोन आता बदलायला हवा." ते म्हणाले, "अरे, चांगला चालतोय की! काय झालंय त्याला?" त्यांचे निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते, त्या खात्याचे ॲप त्याच फोनवर होते. त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला चटकन सुचले नाही. ही पोस्ट म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

फोन 'चांगला चालणे' आणि फोन सुरक्षित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बॅटरी झिजली की कळते, पडदा फुटला की दिसतो. सुरक्षा-अपडेट थांबले, तर काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही फोन तसाच उजळतो, तसाच वाजतो. म्हणूनच ही उणीव विकणाऱ्याला लपवावीही लागत नाही.

आत काय घडत असते? अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचे केंद्रक असते, त्यावर चिप बनवणाऱ्या कंपनीचे ड्रायव्हर, त्यावर गुगलची प्रणाली आणि सर्वांत वर फोन-कंपनीचा साज. या थरांपैकी कोठेही चूक सापडली, की तिची दुरुस्ती पायरी-पायरीने खाली यावी लागते: चिप-कंपनीकडून फोन-कंपनीकडे, तिच्याकडून प्रत्येक मॉडेलकडे. २०१५ च्या जुलैमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटी उघड झाल्या. केवळ एक चित्रफीत-संदेश पाठवून फोनमध्ये शिरकाव करणे त्यांमुळे शक्य होते. त्यानंतरच्या ऑगस्टपासून गुगलने सुरक्षा-दुरुस्त्या दरमहा प्रसिद्ध करण्याचा नेम सुरू केला.

परंतु दुरुस्ती प्रसिद्ध होणे आणि ती तुमच्या हातातील यंत्रात पोहोचणे यांत मोठे अंतर आहे. याचे बोलके उदाहरण म्हणजे मीडियाटेकच्या चिपमधील 'सीव्हीई-२०२०-००६९' ही त्रुटी. तिच्या आधारे एखादे साधे ॲप फोनचा संपूर्ण ताबा, म्हणजे 'रूट' अधिकार, मिळवू शकत होते. मीडियाटेकने तिच्यावरील दुरुस्ती मे २०१९ मध्येच तयार केली होती. मात्र अनेक फोन-कंपन्यांनी ती पुढे पोहोचवलीच नाही, आणि दरम्यान या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर होऊ लागला. अखेर मार्च २०२० च्या मासिक पत्रकात गुगलने ती समाविष्ट केली. औषध तयार होऊन दहा महिने झाले होते. रोग्यापर्यंत ते कोणी नेले नव्हते. या चिप भारतात कोणत्या किमतीच्या फोनांत सर्वाधिक आढळतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. दरमहा प्रसिद्ध होणारी दुरुस्ती ही चोरासाठी वाटाड्याचे काम करते. कोणत्या ओळी बदलल्या हे पाहून मूळ चूक कोठे होती, ते जाणकाराला काढता येते. नव्या फोनमधील ती खिडकी बंद होते आणि त्याच क्षणी जुन्या फोनमधील तीच खिडकी कोठे आहे, हे जगजाहीर होते. म्हणजे अपडेट थांबलेल्या फोनचा धोका स्थिर राहत नाही. प्रत्येक महिन्यागणिक तो वाढत जातो.

यावर नेहमीचे आक्षेप मला ठाऊक आहेत. ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप: 'आपल्याकडील फसवणूक ओटीपी विचारून होते, माणसाला गंडवून होते, तिथे पॅच काय करणार?' यात तथ्य आहे. माणसालाच फसवण्याचा वाटा मोठा आहे आणि कोणतेही अपडेट भोळेपणावर उपाय नाही. पण व्हॉट्सॲपवरून 'लग्नपत्रिका' म्हणून येणाऱ्या त्या एपीके फायली आठवा. चुकून अशी फाइल उघडली गेली, तर अद्ययावत फोनमध्ये तिला प्रत्येक परवानगी मागावी लागते. तिला थांबवण्याची संधी तरी राहते. ज्या फोनमध्ये रूट अधिकार देणारी जुनी त्रुटी शिल्लक आहे, तिथे तिला कोणालाही काहीही विचारण्याची गरज उरत नाही. माणसाच्या चुकीची शिक्षा किती मोठी असावी, हे अपडेट ठरवते.

दुसरा आक्षेप: 'गुगल आता प्ले स्टोअरमधूनच बरेच काही सुधारते.' हेही खरे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग फोन-कंपनीला वगळून थेट सुधारता येतात. मात्र केंद्रक, चिपचे ड्रायव्हर, मोडेमचे सॉफ्टवेअर हे भाग अशा रीतीने सर्वसाधारणपणे येत नाहीत, आणि वर सांगितलेली मीडियाटेकची त्रुटी नेमकी याच तळघरातली होती.

तिसरा आक्षेप कंपन्यांचा: 'जुने हार्डवेअर नवे सॉफ्टवेअर पेलत नाही.' सुरक्षा-दुरुस्ती म्हणजे नवी सजावट नव्हे. बहुधा ती मोजक्या ओळींची असते. २०१३ साली आलेल्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा-अपडेट मिळाले. विज्ञानवाचकांना आणखी एक उदाहरण भावेल. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर-१ यानाची एक स्मृति-चिप बिघडली आणि नोव्हेंबर २०२३ पासून ते अर्थहीन संकेत पाठवू लागले. एप्रिल २०२४ मध्ये अभियंत्यांनी त्याच्या प्रोग्रामचे तुकडे करून ते स्मृतीच्या इतर कोपऱ्यांत हलवले आणि यान पुन्हा बोलू लागले. तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर होते. एक अवकाशयान आणि लक्षावधी फोन यांची अर्थव्यवस्था वेगळी आहे, हे मान्य. परंतु 'करता येत नाही' आणि 'करणे परवडत नाही' यांतला फरक कंपन्यांनी तरी लपवू नये. खर्चाचा प्रश्न असेल तर तो खर्च म्हणून मांडावा. त्याला भौतिकशास्त्राचा नियम म्हणून खपवू नये.

चौथा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो: 'सात वर्षांचे अपडेट हे श्रीमंतांचे चोचले, गरिबाला स्वस्त फोन हवा.' वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. श्रीमंत दर दोन वर्षांनी फोन बदलतो. त्याला सात वर्षांच्या आश्वासनाचा उपयोगच काय? ज्याच्या घरी संगणक नाही, ज्याची बँक, शाळा, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि आधारचा ओटीपी या साऱ्यांचा मार्ग एकाच फोनमधून जातो, जो तो फोन पाच वर्षे वापरणार आणि नंतर धाकट्या भावंडाला देणार, त्यालाच दीर्घ मुदतीची खरी गरज आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयच्या एका महिन्यातील व्यवहारांनी २,००० कोटींचा आकडा ओलांडला. हा देशाच्या अभिमानाचा विषय आहे, यात शंका नाही. मात्र त्या व्यवहारांचे एक टोक कोट्यवधी स्वस्त फोनांत आहे, आणि त्यांतील किती फोन आज दुरुस्तीच्या मुदतीबाहेर गेले आहेत, असा प्रश्न अभिमानाबरोबरच पडायला हवा.

शिवाय 'स्वस्त' हा शब्दच तपासून पाहू. समजा, एक फोन १५,००० रुपयांना सवलतीत मिळतो आहे. आश्वासन तीन वर्षांचे, पण मॉडेल येऊन १८ महिने झालेले. उरले १८ महिने. महिन्याला सुमारे ८३३ रुपये. दुसरा फोन १९,००० चा, आश्वासन सहा वर्षांचे, मॉडेल येऊन सहा महिने झालेले. उरले ६६ महिने. मध्यंतरी एकदा बॅटरी बदलण्याचे २,००० रुपये धरले, तरी महिन्याला सुमारे ३१८ रुपये. एकरकमी चार हजार जास्त देणे अनेकांना खरोखर जड जाते, आणि ती अडचण खोटी नाही. म्हणूनच हा हिशोब दुकानात, खोक्यावर, सर्वांना दिसेल असा असायला हवा. हप्त्याने घेणाऱ्यालाही तो पाहता आला पाहिजे. दीर्घ मुदत केवळ लाखभर रुपयांच्या फोनलाच शक्य आहे, हा समजही आता टिकत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ ला सात वर्षांची मुदत दिली; पण ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात २० हजारांच्या आत आलेल्या सॅमसंगच्या ए१६ फाइव्ह-जी या फोनलाही सहा वर्षांची मुदत जाहीर झाली. मी कोणत्याही फोनची शिफारस करत नाही. एकाला जमते ते इतरांना का जमू नये, एवढेच विचारतो.

आता हार्डवेअरची बाजू. ती दुर्लक्षणीय आहे असे मी म्हणत नाही. किंबहुना सॉफ्टवेअर नंतर येऊ शकते, रॅम नंतर वाढवता येत नाही. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असलेल्या फोनला सहा वर्षांचे आश्वासन देणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोटेची हमी देणे. साठवण कोणत्या प्रकारची आहे, हेही पाहावे: जुन्या ईएमएमसी पद्धतीची चिप यूएफएसपेक्षा संथ असते आणि वर्षे उलटतात तशी ही संथता जाणवू लागते. लिथियम-आयन बॅटरीतील रासायनिक झीज कोणत्याही अपडेटने थांबत नाही, म्हणून बॅटरी रास्त दरात बदलून मिळते का, हे विचारणे अपडेटइतकेच महत्त्वाचे. माझा क्रम असा आहे: आधी सुरक्षा-अपडेटची उरलेली मुदत, मग त्या मुदतीअखेर पुरेल एवढी रॅम आणि साठवण, मग बॅटरी व तिची बदली, मग भारतीय जाळ्यांना लागणारे फाइव्ह-जी पट्टे. मेगापिक्सेल, वॉट आणि नॅनोमीटर यांचा विचार त्यानंतर, आणि हौसेने.

मुदत विचारताना दोन फसवे शब्द ओळखावेत. 'तीन ओएस अपग्रेड' म्हणजे अँड्रॉइडच्या तीन नव्या आवृत्त्या. सुरक्षा-दुरुस्तीची वर्षे वेगळी असतात आणि ती वेगळी विचारावी लागतात. तसेच त्या दुरुस्त्या दरमहा येणार, तीन महिन्यांनी येणार की वर्षातून दोनदा, हेही विचारावे. वर्षातून दोनदा पाणी येणाऱ्या नळाला नळजोडणी म्हणता येईल. घर चालवता येणार नाही.

पण हे सारे ओझे एकट्या ग्राहकाच्या खांद्यावर का? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणाला किमान किती काळ सुरक्षा-अपडेट मिळतील, हे जाहीर करणे उत्पादकावर बंधनकारक आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, कंपनी अपडेट देत असेल, तर मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे ते त्या मॉडेलच्या सर्व फोनना विनामूल्य मिळाले पाहिजेत. बॅटरीनेही ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. येथे मोजणी विक्रीच्या आरंभापासून होत नाही, ती विक्री थांबल्यापासून होते. माझ्या वडिलांच्या बाबतीत जे घडले, ते या एका शब्दाने टळले असते. त्याच नियमातील 'देत असेल तर' ही शब्दरचना मात्र पळवाटेला वाव देणारी आहे. आपण नियम करू तेव्हा तो धडाही घ्यावा.

आपल्याकडे काहीच झालेले नाही, असे नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यता-निर्देशांकाचा अहवाल सादर केला, आणि त्यातील निकषांत सॉफ्टवेअर अपडेटचाही समावेश आहे. हे पाऊल योग्य दिशेने आहे. मात्र स्क्रू, सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि अपडेट या सर्वांची सरासरी काढून दिलेल्या ताऱ्यांत नेमकी तारीख हरवून जाईल. शीतकपाटावर ऊर्जेचे तारे असतात, ते ठीकच. पण दुधाच्या पिशवीवर आपण तारे पाहत नाही, तारीख पाहतो.

म्हणून तीन मागण्या. एक: वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापावेच लागते, त्यांच्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'सुरक्षा-अपडेट अमुक महिना, अमुक वर्षापर्यंत' असे छापणे सक्तीचे व्हावे. दोन: ही मुदत विक्री थांबल्यापासून मोजावी. तीन: ऑनलाइन दुकानांत सवलतीच्या आकड्यालगत हीच तारीख दिसावी. संख्येच्या दृष्टीने जगात दुसऱ्या क्रमांकाचा मोबाईल-उत्पादक असल्याचे आपण अभिमानाने सांगतो. अशा देशाला स्वतःच्या नागरिकांसाठी एक तारीख छापून घेणे अवघड नसावे.

वडिलांचा फोन आम्ही बदलला. जुना फोन फॅक्टरी रिसेट केला, त्यातील सिम काढले. आता ते त्यावर फक्त गाणी ऐकतात. कॅमेरा अजूनही उत्तम आहे, असे ते मला आवर्जून सांगतात.

मित्रहो, वाचून झाल्यावर एवढे करा. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'अँड्रॉइड व्हर्जन' आणि त्याखाली 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' पाहा. काही फोनांत ती तारीख 'सिक्युरिटी' या विभागात असते. फोन कोणत्या वर्षी घेतला आणि पॅच कोणत्या महिन्याचा आहे, एवढेच खाली लिहा. फोनचे नाव किंवा मॉडेल मात्र लिहू नका. ते का, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. आणि आपला झाला की घरातील वडीलधाऱ्यांचा फोनही एकदा उघडून पाहा.